काचेच्या पाठीवरचा चेहरा

त्र्यंबक बाळाजी पोतनीस यांनी फलटणात पोतनीस छायामंदिर स्थापन केले. त्यांचे चिरंजीव मनोहर यांनी ते वाढवले. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी आज प्रथमच घेते आहे, तेही लिहिण्यापुरते. मनोहररावांचे चिरंजीव श्रीरंग यांनी ते बंद केले आणि दर्शनी भागात औषधांचे दुकान घातले. श्रीरंगची कन्या शर्वाणी. ही हकिकत तिची आहे. ती स्वतः लिहिणार नाही, कारण तिच्या पिढीला केलेले सांगायला वेळ नसतो. म्हणून मी लिहिते.

छायामंदिराची कीर्ती नाचणाऱ्या बायकांच्या चित्रांवर उभी होती, हे मान्य करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. सातारा, सांगली, पार सोलापूरपर्यंतच्या संगीत बाऱ्यांतल्या आणि तमाशाच्या फडांतल्या बायका आमच्याकडे फोटोला येत. फडमालकांची मागणी ठरलेली असे: बाई गोरी दिसली पाहिजे. आबासाहेबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यासाठी एक रीत बसवली होती. इतर गिऱ्हाइकाला जेवढा उजेड, त्याच्या दुप्पट उजेड नाचणारणीच्या अंगावर टाकायचा. मग तिचा चेहरा, गळा, खांदे आणि खांद्यावरचा पदर पिठासारखा पांढरा उडून जाई. नाक कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतो हे कळत नसे.

तो चेहरा परत आणण्याची कला आबासाहेबांची. निगेटिव्ह त्या काळी काचेची असे. तिच्या पाठीवर ते वार्निशचा पातळ थर देत, वाळल्यावर शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळत, आणि बारीक सुईने त्या थरातून रेघा मोकळ्या करत. जिथे रेघ मोकळी, तिथे छापलेल्या चित्रात काळी रेषा उमटे. भुवईची कमान, नाकाची कड, डाव्या बाजूला किंचित वर गेलेला ओठाचा कोपरा, हनुवटीवरची आडवी चीर. उडालेल्या पांढऱ्यावर असा एक नवा चेहरा उभा राही. मनोहररावांनी हीच कला वडिलांकडून उचलली. थिएटरच्या दारावर ते चित्र लागले की लोक म्हणत, ही छायामंदिराची बाई.

नाचणारणींसाठी दार मागचे, बोळातले. त्या आत असेपर्यंत माझ्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना, माडीवरून खाली उतरण्याची मुभा नव्हती. दोघींची दृष्टादृष्ट होऊ नये, असा घरचा दंडक होता. लग्न होऊन आल्यावर तो मीही पाळला आणि तो योग्य आहे असेच मानले.

शर्वाणीने लहानपणी त्या काचांशी खेळ केला आणि मोठेपणी पुण्यात प्रकाशशास्त्र शिकली. तिचा शोध मला समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर मी तो कोणालाही समजावू शकते. आपण म्हणतो, फार उजेडाने चित्र जळाले, तिथे काही उरले नाही. ते खरे नाही. काचेच्या पुढच्या बाजूवर प्रकाशाला जागणाऱ्या रसायनाचा थर असतो. उजेड प्रखर असला की तो थरात मावत नाही. पार होऊन काचेत शिरतो, काचेच्या मागच्या पृष्ठावर आपटतो आणि परत फिरतो. परतताना तो मूळ जागी न येता थोडा बाजूला पडतो आणि तिथे एक फिकट कडे उमटवतो. चेहऱ्याच्या प्रत्येक उजळ बिंदूचे असे एक कडे. हजारो कडी एकमेकांत मिसळून केसांच्या काळोखात आणि मागच्या पडद्यावर धुक्यासारखी पसरलेली असतात. उतू गेलेल्या दुधाच्या डागांवरून पातेले किती भरले होते हे जसे ओळखावे, तसे या धुक्यावरून मूळ चेहरा कसा होता हे मागे मागे मोजत काढता येते. चांगल्या काचांच्या पाठीला हा परतावा थांबवण्यासाठी काळा लेप दिलेला असे. छायामंदिर उघडले ते दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, आणि तेव्हा आबासाहेबांनी लेप नसलेल्या स्वस्त काचा वापरल्या, म्हणून आमच्या काचांवर उजेड भरपूर सांडलेला होता. शर्वाणी त्याला सांडउजेड म्हणते. असे मोजणारे तिचे यंत्र एका काचेला आठवडाभर घेते, परंतु मनाचे काही घालत नाही.

हे यंत्र तिने नूपुरलोक नावाच्या कंपनीसाठी बांधले. कंपनीचा मालक ऋत्विक घाणेकर आमच्याकडे येऊन माझ्या पायांना हात लावून गेला होता. जुन्या कलावतींची चित्रे दुरुस्त करायची, त्यांतून उजेडाच्या आकृत्या घडवायच्या आणि रंगमंचावर त्यांना पुन्हा नाचवायचे, असा त्याचा बेत होता. आमच्या सगळ्या काचांच्या प्रतिमा त्याने नेल्या. मूळ काचा दसऱ्यानंतर त्याच्या संग्रहालयात जायच्या, तोपर्यंत त्यांत कोणताही बदल करायचा नाही, असा करार शर्वाणीनेच कंपनीच्या वतीने लिहून आणला आणि मी सही केली. आबासाहेबांच्या सुईची रेघ काचेच्या कपाटात, दिव्याखाली लोक पाहणार, याचा मला अभिमान वाटला.

पुण्यात त्याच्या दालनाच्या उद्घाटनाला मला पहिल्या रांगेत बसवले. शाल दिली, नारळ दिला. दालनात अंधार झाला, ढोलकी वाजली, आणि रंगमंचावर हवेतून एक बाई प्रकट झाली. निवेदकाने नाव घेतले: तान्हूबाई मेढेकर. आबासाहेबांनी काढलेले नाचणारणीचे पहिले चित्र हिचेच, हे घरात सर्वांना ठाऊक होते. ती काच मी कैक वेळा हातात धरली आहे. तिच्यात नऊवारी नेसलेली, खांदे झाकून बसलेली एक बाई आहे. रंगमंचावरच्या बाईचा खांदा उघडा होता. पाठ उघडी होती. पदर जिथे जिथे उजेडाने पांढरा उडाला होता, तिथे तिथे कातडी होती, तेल लावल्यासारखी चकाकणारी. ती वळली, कंबर हलवली आणि आमच्याकडे पाहून तिने डोळा मिचकावला.

माझ्या मागच्या रांगेत कोणी शीळ घातली. दुसरा कोणी म्हणाला, पैसे वसूल. आणि मी पाहिले की डोळा मिचकावणाऱ्या त्या बाईच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला आहे आणि हनुवटीवर आडवी चीर आहे. काचेवरच्या उलट्या काळ्यापांढऱ्या रेघांत जो मला कधी ओळखू आला नव्हता, तो हलताना ओळखू आला. तो चेहरा मी चोवीस वर्षे रोज पाहिला होता. देवघरात, स्वयंपाकघरात, आणि शेवटी तिरडीवर. त्या माझ्या सासूबाई होत्या.

मला किळस आली. शाल खुर्चीवर टाकून मी उठले आणि बाहेर आले. शर्वाणी मागून धावत आली. मला गाडीत बसवून तिने गाडी सुरू केली.

"तो चेहरा कोणाचा होता?" मी विचारले.

"कोणाचाच नाही, आजी. यंत्राने भरलेला."

"वरच्या आरशात बघ."

तिने पाहिले. तिच्याही हनुवटीवर ती चीर आहे. घराण्यातून उतरली आहे. तिने हात तोंडावर नेला.

मग वाटेत तिने सगळे सांगितले. तिचे यंत्र आठवडा घेते म्हणून घाणेकरने दुसरे यंत्र आणले होते. ते मोजत नाही, भरते. पांढरी जागा दिसली की ते एवढेच विचारते, अशा जागी बहुधा काय असते? उत्तर ते शिकवणीतून देते. चेहऱ्यांची शिकवणी त्याला आमच्या काचांवरून मिळाली होती. शेकडो नाचणारणींच्या पांढऱ्या चेहऱ्यांवर आबासाहेबांनी आणि मनोहररावांनी काढलेला एकच ओठ, एकच हनुवटी त्याने पाहिली आणि ठरवले की नाचणारी बाई अशी असते. पुढचे मला ठाऊक होते: आबासाहेब दुपारी खिडकीशी सुई घेऊन बसत, तेव्हा समोर सासूबाई तांदूळ निवडत असत. निरखून पाहावे असा बाईचा चेहरा त्यांच्यासमोर तेवढा एकच होता. आणि अंगाची शिकवणी? ती कुठली, असे मी विचारले तेव्हा शर्वाणीने काचेबाहेर पाहिले. फोनवर लोक ज्या चित्रांपाशी जास्तीत जास्त वेळ थांबतात ती चित्रे यंत्राला दाखवली होती. पांढऱ्या पदराच्या जागी लोकांना काय हवे आहे, ते यंत्राने त्यांच्याकडूनच शिकून घेतले.

"तुला हे माहीत होते?"

भरणारे यंत्र फक्त मागचे पडदे आणि समया यांच्यासाठी आहे, असे तिला सांगण्यात आले होते. तिने विचारून खात्री केली नव्हती. मी तिला सांगितले की विश्वास ठेवणे आणि डोळे मिटणे यांत फरक असतो, आणि पगाराची नोकरी तो फरक पुसून टाकते. ती रडली नाही. मला ते बरे वाटले.

दुसऱ्या आठवड्यात श्रीरंगच्या औषधाच्या दुकानातून सरळ आत चालत एक बाई आली. चाळिशीची, सावळी, खांद्यावर पदर पक्का पिनेने लावलेला. मी बसा म्हणण्याची तिने वाट पाहिली नाही; माझ्यासमोरची खुर्ची ओढून ती बसली.

"मी अर्पिता मेढेकर. तान्हूबाईची पणती. मागच्या दाराला कुलूप हाय, म्हणून पुढून आले."

ते दार कधीच बंद झाले, असे मी म्हणाले.

"आमच्याकडं अजून सांगत्यात, फलटणला गेलं की बोळातनं जायचं." तिने भिंतीवरच्या आबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिले. "तुमच्या नातीचं यंत्र लई हुशार हाय म्हणे. आमच्या पणजीला नाचायला शिकवलं. लुगडं नेसवायचं तेवढं विसरलं."

असे बोलणे माझ्यासमोर कोणी आजवर केले नव्हते.

अर्पिताने मग जे सांगितले ते आमच्या घरात कोणी मला सांगितले नव्हते. आबासाहेबांनी छायामंदिर उघडले तेव्हा गावात कोणी फिरकेना. फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत होती. तान्हूबाईची बारी त्या वेळी फलटणच्या यात्रेला आली होती. ती आपण होऊन आत आली आणि म्हणाली, आधी मी बसते. माझे आयुष्य घटले तर कोणाचे काही जाणार नाही. तिचे चित्र दर्शनी लागले, ती पुढच्या यात्रेला धडधाकट परत आली, आणि मग गाव आले. बसण्याचा मोबदला तिने घेतला नाही. एकच गोष्ट मागितली. पोस्टरवर काय ते करा, पण एक चित्र मला माझ्यासाठी द्या, जशी आहे तशी. आबासाहेबांनी शब्द दिला.

"चित्र आलं," अर्पिता म्हणाली. "पणजीनं बघितलं आणि विचारलं, ही बाई कोण? मग ते भिंतीकडं तोंड करून टांगलं. टाकून दिलं न्हाई, शब्द दिलेला व्हता म्हणून. तवापासून आमच्यातली पोरगी पहिल्यांदा चाळ बांधती तेव्हा त्या तसबिरीच्या पाठीला हात लावती. पुठ्ठ्याला. माझ्या आजीनं लावला, आईनं लावला, मी लावला. पुढचं तोंड आम्ही कुणी बघत न्हाई. ते आमचं न्हाईच."

चाळ म्हणजे पायांतल्या घुंगरांचे पट्टे. तिची मुलगी हेमांगी या दसऱ्याला ते प्रथम बांधणार होती. आणि त्याच दिवशी कोणा बिल्डरच्या फार्महाउसवर तान्हूबाई मेढेकर या नावाने ती उजेडाची आकृती नाचणार होती. पत्रिका अर्पिताच्या फोनवर आली होती, कोणीतरी हसण्यासाठी पाठवलेली. ती कंपनीकडे जाऊन आली होती. तिथे तिला नम्रपणे सांगण्यात आले की हा चेहरा तान्हूबाईंचा नाही, हे तिने सिद्ध करावे.

"मला पैसा नको. त्या बाहुलीवरनं तिचं नाव काढा, न्हाईतर तिचं तोंड जगाला दाखवा. दोन्हीतलं एक तुमच्या हातात हाय."

ती गेल्यावर मी आबासाहेबांच्या खिडकीशी जाऊन बसले. पुण्याच्या दालनात मला जी किळस आली होती तिचा अर्थ मी तोवर एकच लावला होता: आमच्या घरातल्या बाईचे तोंड त्यांच्या अंगावर लावले. आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. तोंड लावले गेले ते पुण्यात नव्हे. ते याच घरात, त्या खिडकीशी लावले गेले. इतकी वर्षे आम्ही त्या बायकांना मागच्या दाराने आत घेत होतो आणि चेहरा काढून घेऊन मागच्या दाराने बाहेर पाठवत होतो. ज्यांची एकमेकींशी दृष्टादृष्ट होऊ नये असा दंडक होता, त्या सगळ्यांच्या मानेवर आम्ही सासूबाईंचे डोके बसवले होते. ही गोष्ट इतकी ओंगळ होती की तिला कला म्हणायला माझी जीभ आता वळेना.

शर्वाणीला मी बोलावून घेतले. तान्हूबाईचा खरा चेहरा त्या काचेतून निघेल का, असे सरळ विचारले.

निघेल, ती म्हणाली, पण एका अटीवर. सांडउजेडाची कडी अत्यंत फिकट असतात आणि ती काचेतून पार जाणाऱ्या प्रकाशातच मोजता येतात. पाठीवर शिसाचा थर असेल तर ती त्यात बुडतात. यंत्र चालायला काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ हवी; आजवर तिने ते सुई न लागलेल्या काचांवरच चालवले होते. म्हणजे वार्निश पुसावे लागेल. आबासाहेबांनी काढलेला चेहरा कायमचा जाईल, आणि ही त्यांची पहिली काच, संग्रहालयाने पोस्टरवर छापलेली. शिवाय करार. बदल केला तर तिची नोकरी जाईल, आणि यंत्रही. ते कंपनीच्या मालकीचे होते. तिच्या खोलीत ते महिनाअखेरपर्यंतच राहणार होते.

"तुला काय वाटते?"

"मला वाटतं, हे मी तुला न विचारता करायला हवं होतं," ती म्हणाली. "पण काच तुझी आहे, आजी. आबासाहेब तुझे आहेत."

घाणेकरला कुठून कळले, ठाऊक नाही. बहुधा अर्पिताने त्याला पुन्हा गाठले असावे. त्याचा फोन आला. आवाजात तूप होते. त्याने माझी तब्येत विचारली, सणाच्या शुभेच्छा दिल्या, आकृतीला आणखी एक पदर नेसवता येईल असेही सुचवले. प्रेक्षकांना तो हळूहळू उतरलेला आवडतो, असा त्याचा अनुभव होता. मी ऐकत राहिले. पालीने अंगावरून जावे तसे ते शब्द गेले.

"आणि माईसाहेब," तो म्हणाला, "एक विसरू नका. चेहरा तुमच्याच घराण्याचा आहे. तुम्हाला खरं तर अभिमान वाटायला हवा."

"घाणेकर," मी म्हणाले, "तुमच्या आईचे एखादे चित्र असेल तर जपून ठेवा. उन्हात ठेवू नका. पांढरे पडले तर ते तुमच्याच यंत्रात जाईल."

फोन मी ठेवला. मग शर्वाणीला सांगितले की टर्पेंटाइन आण आणि माझे जुने मलमलीचे लुगडे फाड.

सकाळच्या उजेडात, आबासाहेबांच्याच खिडकीशी, त्यांच्याच तिरक्या मेजावर काच ठेवली. शर्वाणी म्हणाली, मी पुसते. मी नाही म्हणाले. या घराने केलेले या घराच्या कर्त्या बाईने पुसले पाहिजे. नोकरदार माणसाने नव्हे. पहिला बोळा फिरवण्यापूर्वी मी ती काच एकदा उजेडात धरली. खोटे बोलणार नाही. सुईची रेघ अप्रतिम होती. ओठाच्या कोपऱ्याला जो श्वास होता तो हजारांतल्या एका हाताला साधतो. त्या कोपऱ्यापासूनच मी सुरुवात केली. मलमल काळी झाली. ओठ गेला, हनुवटी गेली, भुवया गेल्या. सासूबाई तिथून निघून गेल्या आणि राहिली एक काच, जिच्यात चेहऱ्याच्या जागी नुसता दाट, मुका डाग होता.

"आता तुझे काम," मी म्हणाले.

काच यंत्रात गेली. आठवडाभर ते पुण्याच्या खोलीत गुणगुणत होते, आणि शर्वाणी तिथेच जेवत होती, तिथेच झोपत होती. शेवटच्या दिवशी तिने मला बोलावले. पडद्यावर केसांभोवतीचे धुके हळूहळू आत ओढले जात होते, जसे सांडलेले पाणी उलट घागरीत शिरावे. आधी खांदे आले. खांद्यांवर पदर होता, जाड सुताचा, गळ्यापर्यंत ओढून घेतलेला. त्याची वीणसुद्धा दिसत होती. शर्वाणीने माझा हात धरला. मग नाक आले, रुंद. देवीचे व्रण आले. ओठ आले, घट्ट मिटलेले, दोन्ही कोपरे सारखे. शेवटी डोळे. ते अर्धे मिटलेले होते, भुवया आक्रसलेल्या.

"हे चुकलं का?" शर्वाणी स्वतःशीच म्हणाली आणि आकडे पुन्हा तपासू लागली.

चुकले नव्हते. मला ते तत्काळ कळले. दुप्पट उजेड तोंडावर घेऊन बसलेली बाई दुसरे काय करणार? तिचे डोळे दिपले होते. ती आबासाहेबांकडे रागाने पाहत होती, आणि तो राग इतकी वर्षे त्यांच्याच काचेत शाबूत होता.

पुढचे थोडक्यात सांगते. शर्वाणीने मोजणीसकट तो चेहरा सर्वांसमोर ठेवला. ज्याला पडताळायचे त्याने पडताळावे, असे लिहिले. कंपनीने तिला काढले आणि यंत्र नेले. पण आकृतीवर ते नाव तसेच ठेवणे त्यांना जमेना. तान्हूबाई मेढेकर हे नाव त्या आकृतीवरून उतरले. चेहरा त्यांनी बदलला नाही. नवे काही शिकवायला खर्च येतो, आणि नाव कोणते का असेना, शीळ तीच पडते. तेव्हा माझ्या सासूबाई आजही कुठे ना कुठे, कोणाच्या फार्महाउसवर, उघड्या खांद्याने डोळा मिचकावत नाचत असतात. आता त्या कोणा नाचणारणीच्या नावाने नाचत नाहीत. दाद मागण्याचा हक्क आम्हाला आहे, असे वकील म्हणतो. मी मागितलेली नाही. परक्या मानेवर आम्ही बसवलेले डोके आहे. ते परत आणताना ज्या तोंडाने न्याय मागायचा, ते तोंड आधी कमवायला हवे. करार आम्ही मोडलाच होता, तेव्हा उरलेल्या काचाही मी संग्रहालयाला दिल्या नाहीत. शर्वाणी स्वतःचे यंत्र बांधते आहे, आणि मलमल घरात पुष्कळ आहे.

दसऱ्याला आम्ही दोघी मेढ्याला गेलो. अर्पिताच्या घरी ओसरीवर ढोलकी, पेटी मांडून ठेवली होती, झेंडूचे तोरण होते. पुढच्या दाराशी मी थबकले. नकळत माझी नजर घराच्या मागच्या बाजूला जाऊन आली. अर्पिताने ते पाहिले.

"या पुढनंच," ती म्हणाली. "आमच्यात सगळ्यांना एकच दार हाय."

भिंतीवर ती तसबीर होती, आमच्याकडे पाठ केलेली. पुठ्ठ्याचा मधला भाग हात लागून लागून काळा, गुळगुळीत झाला होता. अर्पिताने ती उतरवली. जुने चित्र मी न पाहता काढून घेतले आणि पिशवीत ठेवले. ते आमचे होते. नवे चित्र चौकटीत बसवून मी तिच्या हाती दिले.

तिने पुष्कळ वेळ पाहिले. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"रागावलीय," ती म्हणाली. "आमच्यातल्या सगळ्या अशाच बघत्यात."

तसबीर पुन्हा खिळ्यावर गेली, या वेळी तोंड माणसांकडे करून. हेमांगी पुढे आली. चौदा-पंधराची पोर, हातात चाळ घेतलेली. सवयीने नव्हे, शिकवल्याप्रमाणे तिने हात चौकटीच्या मागच्या बाजूला नेला, आणि तिच्या आईने तो हलकेच धरून पुढे आणला. मुलीने बोटे काचेवर टेकली. मग स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला आणि खाली बसून चाळ बांधू लागली.

मी अर्पितासमोर हात जोडले. वयाने लहान माणसापुढे मी ते कधी केले नव्हते.

"माझ्या सासऱ्यांनी तुमच्या पणजीला दिलेला शब्द," मी म्हणाले.

अर्पिताने तसबिरीकडे पाहिले, जणू तिला विचारून घेतले.

"फिटला, माईसाहेब," ती म्हणाली. "पुरता फिटला. आता बसा, पोरगी नाचणार हाय."